दहा पावलांवर

टेप सुरू झाली तशी छपरातली कबुतरं जी उडाली, ती म्हणे थेट कन्हानच्या पुलावर जाऊन बसली. प्रयागबाईनं दोन्ही कानांवर पदर दाबून धरला.

गिरणी बंद होऊन वर्ष झालं होतं. इमारत इंग्रजांच्या वेळची. माग भंगारात गेले, उरले ते लोखंडी खांब आणि छपराच्या काचांतून पडणारं दुपारचं ऊन. मुंबईच्या शामला नावाच्या पोरीनं शेवटच्या आठवड्यात तीनशे मागांचा आवाज टेप करून ठेवला होता. आता चाळीस स्पीकर टांगून तिनं तो त्याच विणाई खात्यात परत सोडला. ही कला आहे, असं तिनं दारात सगळ्यांना समजावलं. जुने कामगार बरं म्हणाले, आणि सवयीनं बिड्या विझवून आत शिरले.

प्रयागबाईचं कलेशी काही देणंघेणं नव्हतं. सतरा वर्षांपूर्वी याच खात्यात तिच्या नवऱ्याचा, कवडूचा, हात मशीनच्या पट्ट्यात गेला, आणि हातापाठोपाठ कवडूही. मुख्य खटका तिथून दहा पावलांवर, खात्याचा मुकादम म्हणजे जॉबर, रुपराव, त्याच्या हाताशी. तो पाडला की तीनशेच्या तीनशे माग थांबत, आणि जॉबरला साहेबापुढं उभं राहावं लागे. चौकशीत रुपरावनं सांगितलं, एवढ्या आवाजात कवडूची हाक ऐकूच आली नाही.

तिनं ते मानलं. मानलं काय, गावभर सांगत फिरली. त्या आवाजात शेजारी वीज पडली तरी कळत नसे, भिंतीबाहेरच्या म्हशीचं दूध थनातच नासत असे, तिथं माणसाची हाक ती काय! दरवेळी सांगताना आवाज वाढत गेला आणि कवडूची हाक बारीक होत गेली. दर राखीला ती रुपरावला ओवाळत होती. आज तिला तो आवाज एकदा स्वतःच्या कानानं ऐकायचा होता. तेवढा होता का, एवढंच बघायचं होतं.

तेवढाच होता. छातीत शिरला, दातांत शिरला. जुन्या कामगारांबरोबर आलेल्या रुपरावनंच तिला कवडूची जागा दाखवली आणि तो आपल्या जुन्या खांबापाशी जाऊन उभा राहिला. तिनं जीव खाऊन हाक मारून बघितली. तिची हाक तिलाच ऐकू आली नाही. तिला हलकं वाटलं. भाऊ खोटं बोलला नव्हता.

तेवढ्यात समोर रुपरावचे ओठ हलले. "भेव लागते का, वयनी?"

"नाही जी, भाऊ," तिनंही नुसत्या ओठांनीच सांगितलं. तो हसला.

कवडू घरीही असाच बोलायचा, तोंड मोठं करून, बिनआवाजाचं. खात्यातले सगळेच तसे. त्यांची नवराबायकोची भांडणंसुद्धा मुक्यानं चालत, आणि भिंतीला कान लावणाऱ्या शेजारणींची फार निराशा होई. त्या भांडणांतच ती हे बोलणं शिकली होती.

प्रयागबाईचा पदर कानावरून खाली आला.

दहा पावलं. आवाज नाही, तरी शब्द न् शब्द पोचला होता. इथं कानानं कोणी कधी ऐकतच नव्हतं. चौकशीवाल्या साहेबानं विचारलं होतं, ऐकू आलं का? दिसलं का, हे कोणी विचारलं नव्हतं.

ती कवडूच्या जागी नीट उभी राहिली. उजवा हात कोणीतरी ओढल्यासारखा लांब केला. घशातून आवाज न काढता, एकेक शब्द तोंडभर करून ती म्हणाली, "रुपराव, खटका पाड गा."

रुपरावचा हात आपसूक वर गेला. खटका कधीच काढून नेला होता, खांबावर बोल्टांची चार भोकं तेवढी राहिली होती. बोटं बरोबर त्या भोकांवर जाऊन टेकली. मग त्याला आपला हात दिसला.

माग चालूच होते, चाळीस स्पीकरांतून. प्रयागबाईचे ओठ पुन्हा हलले.

रुपरावनं डोळे मिटून घेतले.