पहिल्या पानावरचं नाव

"तिन्ही सॉफ्टवेअरपैकी कुठलं घ्यायचं ते संध्याकाळपर्यंत सांग," अभिजीत सर म्हणाले. "ती बातमी गूगलच्या पहिल्या पानावरून हटायला हवी, बस."

कीर्तीने मान हलवली. किलवणी नाक्याजवळच्या त्या लहानशा ऑफिसात ती दोन वर्षं हेच काम करत होती. लोक गूगलवर शोधायला लागले की आपल्या ग्राहकाचं नाव वर आणायचं. या वेळी काम उलटं होतं. गलोंड्याच्या एका धागा कारखान्याच्या गोदामाला जानेवारीत आग लागली होती. एक कामगार गेला. तेव्हापासून कारखान्याचं नाव टाकलं की सगळ्यात वर ती बातमी यायची.

तीन सॉफ्टवेअर महिनाभर फुकट वापरायला मिळाली होती. कीर्तीने तिन्हींना कारखान्याची वेबसाइट जोडली आणि तक्ता भरायला घेतला. तिन्हींचं एकमेकांशी काही जुळेना. एक म्हणे या साइटकडे चारशे ठिकाणांहून दुवे येतात, दुसरं म्हणे नव्वद. तिसरं दिसायला देखणं, पण मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दाखवायचं. एका गोष्टीवर मात्र पहिली दोन सहमत होती. कुणीतरी जवळजवळ रोज "भिका अहिरे" असं शोधत होतं.

हे त्या गेलेल्या कामगाराचं नाव. शोधणारा बातमी उघडत नव्हता. तो कारखान्याच्याच साइटवरच्या एका जुन्या पानावर जात होता. पानाचं नाव 'आमचा परिवार'. सुरक्षा सप्ताहात बक्षीस घेताना भिका अहिरे, असं फोटोखाली लिहिलं होतं. हातात स्टीलचा डबा, डोक्यावर पिवळं हेल्मेट, आणि हसता हसता डोळे बारीक झालेले.

सर मागे येऊन वाकले. "वकील असेल. नाहीतर पत्रकार. रोज दुसरं कोण बघणार? काढून टाक ते पान. फोटोसकट."

"सर, बक्षिसाचा फोटो आहे."

"म्हणूनच काढ. उद्या कुणी हा फोटो आणि ती बातमी शेजारी शेजारी छापली तर?"

कीर्तीने पान काढलं. ती काम अर्धवट ठेवणारी नव्हती. सर्व्हरवरची मूळ फाइल पुसली, गूगलकडे जपून ठेवलेली प्रत काढून टाकायची विनंतीही पाठवली. तक्त्यात तिने दुसऱ्या सॉफ्टवेअरला सगळ्यात जास्त गुण दिले. ते पान धोक्याचं आहे असा लाल शेरा फक्त त्यानेच दिला होता.

पाच आठवड्यांनी बातमी दुसऱ्या पानावर गेली. कारखान्याकडून मिठाईचा खोका आला. सरांनी सगळ्यांसमोर कीर्तीचं कौतुक केलं.

दुपारी तिने महिन्याचा अहवाल उघडला. भिका अहिरे या नावाचा शोध थांबला असेल असं तिला वाटत होतं. तो सहापट झाला होता. शब्दही वाढले होते. "भिका अहिरे फोटो". "भिका अहिरे डबा बक्षीस फोटो". "भिका अहिरे फोटो कुठे गेला". यादीत सगळ्यात खाली होतं, "भिका अहिरे माझे पप्पा फोटो परत दाखवा".

कीर्तीने हातातली बर्फी कागदावर ठेवली. मग ती संध्याकाळपर्यंत तो फोटो शोधत राहिली. सर्व्हरवर जुन्या प्रती तीस दिवसच राहायच्या. कारखान्यात फोन केला, तर फोटो काढणारा क्लार्क नोकरी सोडून गेला होता. गूगलनेही तिची विनंती मान्य केली होती. फोटो कुठेच नव्हता.

"जाऊ दे कीर्ती," सर म्हणाले. "आपल्याला काय माहीत होतं?" पण मिठाईच्या खोक्याकडे त्यांनीही पुन्हा हात नेला नाही.

रविवारी डोकमर्डीच्या घरून रिक्षा करून ती गलोंड्याला गेली. कारखान्यामागच्या खोल्यांत भिकाचं कुटुंब राहतं, एवढं बातमीत होतं. किराणावाल्याने दार दाखवलं. भिकाची बायको कमळाबाई गहू निवडत बसली होती. आठ-नऊ वर्षांची मुलगी, गुड्डी, तिच्या पाठीला टेकून मोबाईलवर काहीतरी टाइप करत होती.

"कंपनीतून आल्या का, ताई? भरपाईच्या सह्या तर झाल्या सगळ्या."

"नाही. मी कंपनीच्या वेबसाइटचं काम बघते."

गुड्डीने एकदम वर पाहिलं. "मग माझ्या पप्पांचा फोटो द्या ना."

कमळाबाईने सूप खाली ठेवलं. "शाळेतल्या मॅडमनी दाखवलं तिला, नाव टाकून फोटो कसा शोधायचा ते. तेव्हापासून रोज बघे. जेवायला बसली की फोन ताटाजवळ ठेवे. महिना झाला, येतच नाही. तुमच्यात काही बिघाड झाला का?"

हो म्हणणं सोपं होतं.

"बिघाड नाही झाला. मीच काढून टाकला तो फोटो. मला पुसायला सांगितलं होतं, आणि मी पुसला. आता परत आणता येत नाहीये."

गुड्डीने मोबाईल पालथा केला आणि आईच्या पदराखाली तोंड घातलं.

"घरात दुसरा एखादा असेल ना?" कीर्ती घाईने म्हणाली. "कसाही असू द्या. मी स्वच्छ करून, मोठा करून आणून देते. लग्नातला, नाहीतर गावाकडचा."

"लग्नात कुठला फोटो? आधारकार्डावर आहे एक. पोर म्हणते, हे माझे पप्पा नाहीत." कमळाबाईने सूप पुन्हा जवळ ओढलं, पण गव्हाला हात लावला नाही. "बाकी सगळे त्यांच्या मोबाईलमध्ये होते, ताई. मोबाईल त्यांच्या खिशात होता."