पश्चिमेची भिंत

"लाव हात! लावून बघ!" मुलाने गवंड्याचा पंजा धरून भिंतीवर दाबला. पंजा ओला झाला.

म्हाताऱ्या बापाची ही खोली घराच्या पश्चिम टोकाला. बाहेरून वर्षानुवर्षं नुसते सिमेंटचे ब्लॉक, सांधे उघडे, पावसाचा मारा थेट. म्हाताऱ्याला खोकला जडला. डॉक्टरांनी बजावलं, "या ओलीत ठेवलंत तर पावसाळा निघायचा नाही."

म्हणून महिन्यापूर्वी हे काम काढलं. सांधे भरले, आतून-बाहेरून गिलावा केला, बाहेर वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात दिले. बाहेरून भिंत देखणी झाली. आत ओल तशीच.

"तिसरा हात मारतो, दादा."

"चौथा मी मारू का, तुझ्या कानाखाली?"

गवंडी भिंतीकडेच बघत राहिला. ओल जमिनीपासून खांद्याच्या उंचीपर्यंत. वर छतापर्यंत कोरडी. "पाऊस चार दिवस नाही. मग पाणी येतंय कुठून?"

"मलाच विचार! सिमेंट खाल्लंस, वाळू थापलीस."

"उस्तादांनी मला थापी धरायला शिकवली. त्यांच्याच खोलीत खाईन?"

उस्ताद पलंगावर खोकत होते. चाळीस वर्षं लोकांची घरं बांधलेल्या माणसाला आता कालचं आज आठवत नव्हतं. त्यांनी गवंड्याकडे बोट केलं. "हा कोण?"

गवंड्याने मान खाली घातली.

सून पाण्याचा जग भरून उशाशी ठेवून गेली. जाता जाता म्हणाली, "सकाळपासून तिसरा. तहान फार वाढलीय बाबांची."

"ऐकलंस? ताप असणार अंगात," मुलगा गवंड्यावर ओरडला. "माझा बाप मारतोयस तू! चालता हो. या गल्लीत पुन्हा घमेलं घेऊन दिसलास तर तंगडं मोडीन."

गवंडी निघून गेला. त्याची थापी दाराशीच राहिली.

मुलाचा राग निवला नाही. छिन्नी-हातोडा घेऊन तो बाहेर गेला आणि त्या देखण्या भिंतीवर तुटून पडला. गिलाव्याचं हातभर ढलपं खाली आलं. मागचा ब्लॉक कोरडा ठणठणीत. त्याने आणखी एक जागा फोडली. तिथेही नुसती धूळ.

तेवढ्यात खिडकीतून पाण्याचा सपकारा ऐकू आला. त्याने आत डोकावलं.

म्हातारा एका हाताने पलंगाचा कठडा धरून उभा होता. दुसऱ्या हातात जग होता. हात पोचेल तिथवर तो भिंतीवर पाणी मारत होता. खोकल्याची उबळ आली, थांबला, पुन्हा जग उचलला.

"नवा गिलावा, आणि पाणी मारायची एकालाही शुद्ध नाही," तो करवादला. "सात दिवस भिजल्याशिवाय मी हटायचा नाही. आज कुठे पहिला दिवस."