सोपं कार्ड

सासरे माणसं विसरायला लागले, म्हणून मी मोबाइलच्या ॲपमध्ये घरच्यांच्या फोटोंची कार्डं केली. ओळखलं तर 'सोपं' दाबायचं, नाही तर 'पुन्हा'. तो चेहरा परत कधी येईल, ते बटणावरच दिसतं.

नणंदेच्या कार्डावर त्यांनी 'सोपं' दाबलं. चार महिने. दर रविवारी खाप्याहून येणारी धनश्री त्यानंतर आलीच नाही. बरोबर चार महिन्यांनी दारात उभी राहिली.

"कालच तं येऊन गेली ना मी, वहिनी!"

आज चेतनचं कार्ड आलं. 'सोपं'वर लिहिलं होतं, नऊ वर्षं. चेतन, माझा नवरा, दारात ड्यूटीचे बूट घालत होता.

मी सासऱ्यांना म्हटलं, "मामाजी, तुमाले आठवून नाही राहिलं. 'पुन्हा' दाबा."

ते हसले. "माह्या पोराले विसरीन का वं मी?"

'सोपं'वर बोट टेकलं. बाहेर फाटक वाजलं.