अध्यक्षांची खुर्ची

१२ मार्च १९५८, सायंकाळी सात. वेल्समधील खाणकामगारांच्या सभागृहात बेचाळीस सभासद जमले होते. लंडनमध्ये बारा वर्षे काढलेले मजूर पक्षाचे खासदार, एके काळचे खाणकामगार एमलिन यांना पुन्हा उमेदवारी द्यायची का, हे ठरायचे होते.

"लंडन मानवलेले दिसते! खुर्ची आणवू का, साहेब?" अध्यक्ष इद्रिसने आपल्या खुर्चीवरून विचारले.

एमलिन इतरांसारखेच भिंतीलगत उकिडवे बसले. बुटक्या बोगद्यांत राबलेल्यांची ती जुनी सवय. इद्रिसला मात्र ते सोंग वाटले. सोंग असेल तर गुडघे बोलतील, म्हणून त्याने मागील सभेचे इतिवृत्त मुद्दाम तासभर वाचले.

एमलिन हलले नाहीत. "इद्रिस, खुर्ची तर तुलाच मानवली रे!"

सभागृह हसले. इद्रिसही हसला, पण मतदानात त्याचा हात विरोधात वर गेला.

बाजूने एकेचाळीस, विरोधात एक.