बिशपचा गुडघा

एकोणिसाव्या वर्षी डॅलिन मॉर्मन चर्चच्या दोन वर्षांच्या धर्मसेवेवर गेला आणि आठव्याच महिन्यात परत आला, कारण त्याचं मन आजारी पडलं होतं. सॉल्ट लेकच्या विमानतळावर दोन वर्षं पुरी करून परतलेल्या बाकीच्या मुलांसाठी फुगे होते, फलक होते. त्याच्यासाठी एकटी आई उभी होती. पुढच्या रविवारी त्यांच्या चर्चचे प्रमुख असलेल्या बिशप टिंगींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून बजावलं, "मनाबिनाचं कुठे बोलू नकोस, पोरा. गुडघा गेला म्हणून सांग."

वीस वर्षांनी तेच टिंगी त्याच्यासमोर बसले होते. डॅलिन आता मानसोपचारतज्ज्ञ होता, आणि दाढीमुळे त्यांनी त्याला ओळखलं नव्हतं.

"बायको गेल्यापासून डोळ्याला डोळा लागत नाही, डॉक्टर. तुमच्याआधी दोघा डॉक्टरांकडे जाऊन आलो. एकानं विचारलं, मॉर्मन ना, मग एकूण बायका किती होत्या? दुसरी म्हणाली, चर्च सोडा म्हणजे बरं वाटेल, आणि वर आपल्याला वर्ज्य असलेली कॉफी पुढे केली! आपल्या मॉर्मन माणसाचं दुखणं आपल्यातल्यालाच कळायचं."

"कळतं ना," डॅलिन म्हणाला. या दिवसाची त्यानं फार वाट पाहिली होती.

टिंगींनी आवाज खाली आणला. "गाडी मी मागच्या गल्लीत लावलीय. पण कुणी पाहिलंच, तर रविवारी चर्चमध्ये काय सांगू हो?"

डॅलिननं शांतपणे वही मिटली.



"गुडघा गेला म्हणून सांगा, बिशप. आणि दर रविवारी न विसरता लंगडत चाला. मी अकरा महिने चाललो होतो."