तळटीप

“कुमुदताई, तुमच्या आठवणीत एक दुरुस्ती आहे. एवढी तळटीप टाका,” म्हणत विभागप्रमुख नाडगौडा सरांनी टेबलावर चिठ्ठी ठेवली.

साथीच्या त्या वर्षी विद्यापीठाच्या इतिहास विभागाने कुणाला वाऱ्यावर सोडलं नाही. वसतिगृहात अडकलेल्या मुलांना डबे दिले, आणि ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांच्या आठवणींचं पुस्तक करायला घेतलं. सगळ्या आठवणी विभागाच्या टायपिस्ट कुमुदताईंनीच टाइप केल्या. शेवटी स्वतःचीही केली: ‘सोमवारी हे दवाखान्याच्या काचेतून मला बघून हसले. मंगळवारी झोपेतच गेल्याचा फोन आला. शेवटचं दर्शनही मिळालं नाही. पण त्यांना माझी वाट बघावी लागली नाही, एवढंच समाधान.’

ताईंनी चिठ्ठी वाचली. ‘मंगळवारचा फोन दुसऱ्या रुग्णाबद्दलचा होता. वॉर्डाच्या नोंदवहीप्रमाणे मृत्यू गुरुवारी पहाटे झाला. बुधवारी रुग्ण शुद्धीवर होता आणि दिवसभर पत्नीला बोलवा म्हणत होता.’

“हे कशाला शोधलंत, सर?”

“अहो, तुमच्यासाठीच! आठ दिवस त्या दवाखान्यात खेटे घातले. आपल्याच माणसाचा वार चुकीचा छापला, तर आपण इतिहासवाले कसले?” सर अगदी मायेने बोलत होते.

ताईंनी स्क्रीनवर आपलं पान उघडलं. मग वीस वर्षांच्या सवयीने त्यांनी विचारलं, “तळटिपेचा आकडा कुठल्या शब्दावर टाकू?”

सरांनी चष्मा सावरत स्क्रीनवर वाकून पाहिलं.

“‘समाधान’वर टाका.”