अर्धं पाकीट

कायलानं पहिला चमचा तोंडात घातला, गिळला आणि चमचा ताटलीच्या कडेला ठेवून दिला.

"आंबट नाहीये," ती म्हणाली. समोर बसलेल्या रोवेनाला नव्हे, भाताच्या पातेल्याला टेकवून ठेवलेल्या फोनला.

फोनमध्ये रोवेनाची थोरली बहीण होती. इथं विनिपेगला रविवारची संध्याकाळ, तिकडं मायदेशी इलोइलोत सोमवार उजाडलेला. ती कॉफीत पाव बुडवून खात होती. या मावशीला कायला नानाय म्हणायची. नानाय म्हणजे आई. रोवेनानं जन्म दिला होता, पण विमानतळावर उतरल्यापासून पोरीनं तिला एकाही नावानं हाक मारली नव्हती. काही हवं असलं की नुसती समोर येऊन उभी राहायची.

"तुरीचे दाणे आहेत, डुक्कर आहे, कोवळा फणस आहे," रोवेना म्हणाली. "अजून काय घालायचं राहिलं?"

"नानायच्या हातचं खाल्लं की एक डोळा आपोआप मिटतो," कायला म्हणाली. "हे गरम पाणी आहे."

फोन हसला. बहीण रोवेनाला वेंग म्हणायची, रोवेना तिला मनांग, म्हणजे ताई. "वेंग, बातवानची आंबट फळं घातलीस का गं?"

"इथं कुठली बातवान, मनांग? चिंचेच्या पुडीचं पाकीट घातलंय."

"मग पाकीट तरी आख्खं घाल बाई. का कॅनडात चिंचसुद्धा रेशनवर मिळते?"

"आख्खंच घातलंय."

कायलानं मान न वळवता शेगडीकडं बोट दाखवलं. पाकीट तिथं पडलं होतं. अर्धं. तोंड नीट दोनदा दुमडून त्याला कपड्यांचा चिमटा लावलेला.

रोवेना चिमट्याकडं बघत राहिली. लावला तिनंच होता, पण लावल्याचं आठवत नव्हतं. असा चिमटा ती दुसऱ्याच, कामाच्या घरच्या स्वयंपाकघरात लावायची. तिथल्या म्हातारीच्या पोटाला आंबट सोसत नव्हतं. आधी अर्धं पाकीट, मग त्याच्याही अर्धं. पगार दोन हातांचा ठरला होता. जीभ त्यात कधी धरली गेली, ते तिला आज कळत होतं.

पोरीला आणायचे कागद निघेपर्यंत पोरीचे दुधाचे दात पडून नवे आले. तेवढी सगळी वर्षं रोवेना दुसऱ्याच्या आईला चमच्यानं भरवत होती. त्याला इथले लोक प्रेमळ स्वभाव म्हणत. तुमच्याकडच्या बायका असतातच प्रेमळ, असं तोंडावर सांगत आणि रविवारी कामाला बोलावत.

"हे कुणासाठी केलंस?" कायलानं विचारलं. पहिल्यांदाच सरळ तिच्याकडं बघून.

"तुझ्यासाठी."

"मी आजारी नाहीये."

फोनमधली नानाय पाव चावायची थांबली.

रोवेना उठली. दोन्ही ताटल्यांतला रस्सा परत शेगडीवरच्या पातेल्यात ओतला, आच मोठी केली, चिमटा काढला आणि पाकीट उलटं करून झटकलं. उकळी आल्यावर पळीभर रस्सा फुंकून चाखला. कानामागं कळ गेली, जबडा आवळला. किती वर्षांत असं झालं नव्हतं. तिनं दोघींना भातावर नव्यानं वाढलं आणि खायला बसली. तिचे चार घास झाले तेव्हा कायलाचा हात चमच्याकडं गेला.

तेवढ्यात रोवेनाच्या खिशातला फोन वाजला. म्हातारीचा मुलगा होता.

"आई काही खातच नाही. बदलीवाल्या बाईच्या हातचं थुंकून टाकते. तासाभरासाठी येऊन जाशील?"

"आज माझी सुट्टी आहे. मुलगी जेवतेय."

"माहितीये गं. पण तू काय परकी आहेस का? आमच्या घरचीच तू."

परकी नसते तर जेवणावरून उठवलं असतंस का, हे रोवेनाच्या ओठांवर आलं होतं. पण तिच्या घराचं भाडं त्यानं दिलेल्या पगारातूनच जायचं. "येते," ती म्हणाली.

कायलानं चमचा सोडून दिला. "जा. तुझी म्हातारी उपाशी आहे."

"कायला," फोनमधून नानायनं दटावलं.

"काय कायला? खोटं बोलले का मी?"

अर्धी राहिलेली ताटली तशीच सोडून रोवेनानं कोट चढवला, दाराशी बसून बूट पायात घातले. नाड्या दोनदा चुकल्या. ही पोरगी आपल्याला आता कधीच हाक मारणार नाही, हे तिनं मनाशी मान्य केलं आणि दाराच्या कडीला हात घातला.

मागं टेबलावर काहीतरी खरखरलं.

तिनं वळून पाहिलं. कायला फोनकडं तोंड करून बसली होती, चेहरा होता तसाच फुगलेला. पण दोन बोटांनी ती आपली ताटली गोल फिरवत होती. इलोइलोकडं भरल्या पानावरून कुणी उठून बाहेर निघालं की मागं राहिलेले आपापली ताटली अशी फिरवतात, म्हणजे जाणारं माणूस वाटेत धड राहतं, परत येतं. हे घरच्या माणसासाठी करतात. परक्यासाठी कुणी करत नाही.

ताटली पुरी फिरली. थोडा रस्सा काठावरून टेबलावर सांडला.

"काय गं ते खरखरलं?" नानायनं विचारलं.

"काही नाही," कायला म्हणाली आणि चमचा उचलला. "जेवतेय मी."